आठ बाराचा कागद

१

नकाशेकाका गेले दुपारी बारा चाळीसला. त्यांना हॉस्पिटलात हलवू नका असं सांगणारा कागद छापला गेला त्याच दिवशी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी. आणि आठ बाराला ऑफिसात सिस्टर एकटी होती.

एवढ्यावर सगळ्यांनी निकाल लावून टाकला होता. मला बोलावलं होतं ते फक्त शिक्का मारायला.

"मॅडम, कॉम्प्युटरमधली आठ बाराची नोंद काढा, खाली सही करा, झालं," मॅनेजर म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

अठरा वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करते आहे. ज्याने ज्याने मला 'अर्ध्या तासाचं काम' म्हणून बोलावलं, त्याच्याकडे माझा अख्खा दिवस गेला आहे. पण हे शुश्रूषागृह माझं जुनं गिऱ्हाईक. चौदा म्हातारी माणसं, दोन मजले, पुढच्या खोलीत ऑफिस, आणि ऑफिसात मीच चार वर्षांपूर्वी बसवून दिलेला लिनक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर. नाही म्हणता येईना.

प्रकरण असं होतं. नकाशेकाका चार नंबरच्या खोलीत राहायचे. आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढलेले, म्हणून ते नाव. जाण्याच्या तीन आठवडे आधी त्यांना न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा त्यांच्या मुलीने एका फॉर्मवर सही करून तो ईमेलने पाठवला: प्रकृती एकाएकी ढासळली तर हॉस्पिटलात नेऊ नये, मशीनचा श्वास लावू नये, शांतपणे जाऊ द्यावं. दुसऱ्या दिवशी काकांचा ताप उतरला. त्यांचा मुलगा धावत आला, बहिणीवर ओरडला, आणि तिने तो फॉर्म रद्द केला. इथपर्यंत कुणाचाच वाद नाही.

वाद पुढे. रद्द झालेला तोच फॉर्म तीन आठवड्यांनी, आठ बाराला, प्रिंटरमधून बाहेर आला आणि सिस्टरने तो काकांच्या फाइलला लावला. साडेअकराला काकांना धाप लागली. तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, फाइलमध्ये काही सूचना आहे का? तिने वाचून दाखवली. मग अँब्युलन्स आलीच नाही.

"चार वाजता डॉक्टर मीटिंग घेणार आहेत," मॅनेजर म्हणाले. "काकांचा मुलगा, मुलगी, सगळे येणार. तुमचा कागद जोडला की सिस्टरची तक्रार वर जाईल. नोंदणीच रद्द होईल तिची."

"म्हणजे ती पुन्हा कुठेच नर्स म्हणून उभी राहू शकणार नाही."

"माणूस मेलाय मॅडम," ते म्हणाले. "तिने मुद्दाम केलंय. काकांनी तिच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. हे बघा."

त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. थरथरत्या, पण अजून रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'माझा चष्मा माझ्याच कपाळावर असल्याचे सांगताना सिस्टर हसतात. याची दखल घ्यावी.'

मी तो दोनदा वाचला. मग म्हटलं, अर्धा तास नाही, चार वाजेपर्यंत वेळ घेईन.

२

सिस्टर मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. तिला कामावरून दूर केलं होतं, चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं, तरी हात चालूच. पन्नाशीची बाई, केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले.

"रिकामं बसवत नाही ताई," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या बाजूने आलात का?"

"मी प्रिंटरच्या बाजूने आले. त्या सकाळचं सगळं सांगा. गाळू नका काही."

"आठला ड्युटीवर आले. औषधांचा तक्ता छापायचा होता. आपला प्रिंटर तीन आठवडे दुरुस्तीला होता, दुकानदाराने तोवर उसना दिला होता. आदल्या संध्याकाळी दुकानाचा माणूस आपला ठेवून उसना घेऊन गेला. आपला खोक्यातच होता. मी काढला, वायर कॉम्प्युटरला खुपसली, बटण दाबलं."

"आणि तक्ता छापायला दिलात?"

"कुठला तक्ता! अजून फाइल उघडली नव्हती. तो आपला आपणच घरघरला आणि एक कागद टाकला. तोच फॉर्म. पाठोपाठ नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. म्हटलं, आला तसा बिघडला मेला. तेवढ्यात चार नंबरची घंटा वाजली."

"काकांना त्रास होत होता?"

"चष्मा सापडत नव्हता," ती म्हणाली. हातातली चादर तशीच राहिली. "कपाळावर होता. मी हसले. ते म्हणाले, दुसरी तक्रार देईन. मी म्हटलं, द्या, पहिलीचं उत्तर यायचंय अजून. रोजचं होतं ताई आमचं हे. त्यांना भांडायला माणूस लागायचं आणि मला ते चांगलं माहीत होतं."

मी विचारलं, "फॉर्मवरची तारीख बघितली होतीत?"

"बघितली. तीन आठवडे जुनी. मी तेव्हा गावाला गेले होते, आठ दिवस रजेवर. वाटलं, फाइलला लावायचा राहिला असेल, आता छापून ठेवलाय. रद्द झालाय हे मला कोण सांगणार? पाळी बदलताना आम्ही वही लिहितो, तीत एक ओळ नाही. जाऊन बघा." तिचा आवाज चढला. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कागद कुठेतरी अडकला असेल आणि तेव्हा निघाला असेल. सगळे हसले. कागद काय तीन आठवडे अडकून बसतो का, म्हणाले."

मी हसले नाही. पण मलाही ते पटलं नव्हतं, आणि न पटण्याचं माझं कारण त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. छापायला दिलेलं काम अडकलं तर तीन तास वाट बघून कॉम्प्युटर ते स्वतःच रद्द करतो. नियमच आहे तसा. तीन तास, तीन आठवडे नाही.

म्हणजे सिस्टर तरी खोटं बोलत होती, नाहीतर कॉम्प्युटर.

३

पाळीच्या वहीत खरंच एक ओळ नव्हती. ती वही घेऊनच मी मॅनेजरांच्या टेबलासमोर बसले.

"फॉर्म रद्द झाल्याचं इथे का नाही लिहिलं?"

"तोंडी सांगितलं होतं सगळ्यांना."

"सिस्टर रजेवर होती."

"म्हणजे जी होती त्या सगळ्यांना," ते म्हणाले आणि रुमालाने मान पुसली. माणूस वाईट नव्हता. कामाचा ढीग, पगार बेताचा, म्हाताऱ्यांच्या घरून दिवसाला दहा फोन. पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी टेबलावरची फुटपट्टी सरळ करायची सवय होती, आणि आज ती फुटपट्टी काही केल्या सरळ होत नव्हती.

"ईमेल कोण उघडतं?"

"मीच. पासवर्ड माझ्याकडेच असतो."

"फॉर्म आला तेव्हा छापलात?"

"छे! छापलाच नव्हता. संध्याकाळी फॉर्म आला, दुसऱ्या सकाळी रद्द केल्याचं पत्र आलं. हा कागद नाही, तोही कागद नाही. दोन्ही ईमेल खोडून टाकले. फिट्टंफाट! जो कागद निघालाच नाही तो रद्द झाला म्हणून वहीत काय लिहायचं?"

त्यांना स्वतःचं हे उत्तर फार आवडलेलं दिसलं. मला ते खटकलं, पण का ते लगेच कळेना.

"म्हणजे त्या सकाळी ईमेलमध्ये फॉर्म नव्हताच. मग सिस्टरने छापला कशावरून?"

"तेच तर! कुणीतरी तिला कॉपी दिली." त्यांनी आवाज खाली आणला. "घरचंच कुणीतरी. मी नाव घेत नाही."

"आणि प्रिंटर? त्या दिवशी तुम्ही दहाला आलात तेव्हा चालू होता?"

"चालू कसला, दिवा लुकलुकत होता. म्हटलं, दुरुस्ती पाण्यात गेली. कोण हात लावतंय! दुपारी हा सगळा गोंधळ झाल्यावर मीच वायर काढून खोक्यात घातला. पुरावा आहे ना."

"तीन आठवड्यांपूर्वी इथे उसना प्रिंटर होता, हा नव्हता. बरोबर?"

"एकच हो. तोच रंग, तेच मॉडेल. शेजारी ठेवले तर आईलाही ओळखू येणार नाहीत."

आईचं माहीत नाही, म्हटलं मनात, पण कॉम्प्युटरला येतात ओळखू. आणि तिथेच माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

४

कॉम्प्युटरकडे वळणार, तोवर काकांची मुलं आली. बाहेरच्या लांब बाकाच्या दोन टोकांना बसली, मध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

मुलगा मोठा. कपडे इस्त्रीचे, दाढी वाढलेली. मला बघताच उठला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना? मग सांगून टाका. फॉर्मची कॉपी फक्त हिच्याकडे होती. हिनेच सिस्टरला दिली."

"दादा, पुरे."

"का पुरे? तुला बाबांचं करून करून कंटाळा आला होता. मला फोनवर म्हणालीस तू."

"कंटाळा आला होता," ती म्हणाली. बाई चाळिशीची असेल, पण बसली होती परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी. "आला होता कंटाळा, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं रोज संध्याकाळी मी येत होते. तू वाढदिवसाला यायचास. त्या संध्याकाळी बाबांचे ओठ निळे पडले होते. मी सही केली तेव्हा तू कुठे होतास?"

तो खिडकीकडे वळला.

मी तिला विचारलं, "कॉपी होती तुमच्याकडे?"

"फाडली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, बाबांनी डोळे उघडून पेज मागितली, आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या हाताने पत्र लिहिलं, फोटो काढून ईमेल केला, आणि फॉर्म फाडून टाकला." तिने माझा हात धरला. अनोळखी बाईने असा हात धरला की मला एरवी आवडत नाही. "बाई, मला एवढंच कळायला हवंय. तो कागद माझ्यामुळे निघाला का? मी काही चुकीचं बटण दाबलं का त्या दिवशी? दादा माझं तोंड बघत नाही. तो म्हणतो, तू मारलंस."

मुलगा खिडकीकडे बघत होता. त्याने नाही म्हटलं नाही.

तोवर मी एका सिस्टरसाठी थांबले होते. आता बाकावरची ही दोघंही माझ्या डोक्यावर येऊन बसली.

५

बिघडलेल्या प्रिंटरला मी नेहमी तेच तीन प्रश्न विचारते. वायर जोडली की कॉम्प्युटरला तू दिसतोस का? दिसलास तर कोणत्या नावाने? आणि त्या नावाने तुझ्यासाठी काही काम थांबलं आहे का?

खोकं उघडलं, प्रिंटर बाहेर काढला, पण वायर जोडली नाही. आधी जुन्या नोंदी. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून मी छपाईच्या रांगा मागितल्या. एक प्रिंटर म्हणजे एक रांग. इथे दोन निघाल्या: 'ऑफिस' आणि 'ऑफिस-२'.

आता समजलं. माणसाला दोन प्रिंटर सारखे दिसतात. पण प्रत्येकाच्या पोटात त्याचा कारखान्याचा नंबर असतो, यूएसबीची वायर जोडली की तो नंबर तो सांगतो, आणि कॉम्प्युटर त्या नंबरवरून माणसं, म्हणजे प्रिंटर, ओळखतो. उसना आला तेव्हा कॉम्प्युटरने त्याला परका म्हणून 'ऑफिस-२' ही नवी रांग दिली. पण छापा म्हटलं की आपोआप निवडली जाणारी रांग जुनीच राहिली. ज्याने न बघता बटण दाबलं, त्याचं काम 'ऑफिस'च्या रांगेत जाऊन उभं राहिलं, दुरुस्तीला गेलेल्या मूळ प्रिंटरची वाट बघत. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला तरी ही रांग मोडत नाही.

मॅनेजरांनी मागितलेली नोंद छपाईच्या वेळेची होती, आठ बाराची. पण प्रत्येक कामाची जन्मवेळसुद्धा कॉम्प्युटर वेगळी लिहून ठेवतो, फक्त ती कुणी विचारत नाही. मी विचारली.

तीन आठवड्यांपूर्वीचा दिवस. संध्याकाळी पाच बावन्न.

ईमेल मुलीने पाठवला होता पाच पन्नासला. सिस्टर गावाला. पासवर्ड एकाच माणसाकडे. 'छे! छापलाच नव्हता' म्हणणाऱ्याने ईमेल आल्यावर दोन मिनिटांत बटण दाबलं होतं. कागद आला नाही, म्हणून त्याच्या लेखी दाबलंच नव्हतं.

मला जागीच ओरडावंसं वाटलं. सिस्टर सुटली!

पण तीन तास. ते काम तीन तासांनी, त्याच संध्याकाळी नऊच्या आत, आपोआप मरायला हवं होतं. ते एकवीस दिवस जगलं कसं? छपाईचे नियम ज्या फाइलमध्ये असतात ती मी उघडली. कामाची कमाल मुदत. समोर तीन तास नव्हते. शून्य होतं. शून्य म्हणजे मुदतच नाही, कायम वाट बघ.

आणि त्या ओळीवर, नियम बदलणारा स्वतःसाठी टीप लिहितो तशी, एक टीप होती. मराठीत. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेची.

'कटकट बंद.'

अक्षर कॉम्प्युटरचं असलं तरी बोलणं माझं होतं. मला तो दिवस आठवला. मॅनेजरांचा पाचवा फोन: संध्याकाळी छापायला देतो, सकाळी कागद भरतो, तर काम गायब! मी घरूनच कॉम्प्युटरमध्ये शिरले, तीनाचं शून्य केलं, टीप लिहिली, आणि भाजी फोडणीला टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी खुर्चीत मागे टेकले. ती ओळ पुसली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. सिस्टर सुटत होतीच. मॅनेजर अडकत होतेच. माझं नाव मध्ये यायची काही गरज नव्हती. खोटं कशाला सांगू, माझं बोट पुसायच्या कळीवर पाचेक मिनिटं तरी होतं.

मग मी शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला होता तो विचारला: काही काम थांबलं आहे का?

उत्तर आलं. 'ऑफिस'च्या रांगेत अजून एक काम उभं होतं.

६

चार वाजता ऑफिसात सगळे जमले. डॉक्टर टेबलामागे, मॅनेजर त्यांच्या उजवीकडे, भावंडं दोन भिंतींना, सिस्टर दारात उभी. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मी माझी खुर्ची तिला दिली.

"बोला," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. "थोडक्यात."

मी थोडक्यात बोलले नाही. दोन प्रिंटर, दोन नंबर, दोन रांगा, सगळं सांगितलं. मग विचारलं, "त्या सकाळी ईमेलमध्ये फॉर्म नव्हता. मुलीची कॉपी फाडलेली. मग आठ बाराला कॉम्प्युटरमध्ये फॉर्म कुठे होता? एकाच ठिकाणी. रांगेत. आणि रांगेत तो घातला गेला तीन आठवड्यांपूर्वी, पाच बावन्नला. तेव्हा सिस्टर रजेवर होती. ईमेल उघडू शकणारा माणूस एकच."

मॅनेजरांनी फुटपट्टी उचलली आणि खाली ठेवली.

"दाबलं असेल बटण," ते म्हणाले. "कागद आला नाही. मग मी काय करणार? नंतर कुणीतरी सांगितलं, दोन नंबरवाला निवडायचा. तोवर फॉर्म रद्दच झाला होता."

"मग मला 'छापलाच नव्हता' का म्हणालात?"

"नव्हताच ना छापला!" ते कळवळून म्हणाले, आणि मला पटलं की त्या माणसाला अजूनही आपण खोटं बोललो असं वाटत नव्हतं.

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. मुलाने पहिल्यांदाच बहिणीकडे बघितलं.

"अजून आहे," मी म्हटलं. "असं काम तीन तासांनी रद्द होतं. हे झालं नाही, कारण तो नियम कुणीतरी बंद केला होता. तो मी केला होता. दोन वर्षांपूर्वी, मॅनेजरसाहेबांच्या फोनचा वैताग आला म्हणून. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहून दिलं नाही. तीन तासांचा नियम जागेवर असता तर हा कागद कधीच निघाला नसता."

डॉक्टरांनी घड्याळ बघायचं थांबवलं होतं.

"आणि रांगेत अजून एक काम थांबलंय. मी ते उघडून बघितलेलं नाही. बघितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाईने स्वतःच बनवलं. तुमच्यासमोर छापते."

मी वायर जोडली आणि बटण दाबलं. प्रिंटर घरघरला, आणि लगेच नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

"हाच!" सिस्टर म्हणाली. "असाच लागला होता त्या दिवशी. बिघडलाय तो."

"बिघडलेला नाही," मी म्हटलं आणि ट्रे ओढला. "रिकामा आहे."

दुरुस्तीच्या दुकानात चाचणीसाठी ट्रेमध्ये चार कागद घालतात. चाचणी झाल्यावर ह्यात एक उरला होता. तो एक फॉर्मने घेतला. मी कपाटातून एक कोरा कागद काढला, आत सरकवला, ट्रे बंद केला. दिवा हिरवा झाला. कागद हळूहळू बाहेर आला, आणि त्यावर दुकानाची पावती नव्हती, औषधांचा तक्ता नव्हता. घाईत लिहिलेलं, डावीकडे झुकलेलं बाईमाणसाचं अक्षर होतं.

मुलगी भिंतीपासून पुढे आली. "हे माझं पत्र आहे," ती म्हणाली.

'माझ्या वडिलांबाबत काल पाठवलेला फॉर्म कृपया रद्द समजावा. काही झाले तर त्यांना ताबडतोब हॉस्पिटलात न्यावे. कितीही वेळ असो, मला फोन करावा.'

जन्मवेळ, फॉर्मच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीस. मॅनेजरांनी तेही न बघता छापायला दिलं होतं, तेही त्याच रांगेत, फॉर्मच्या बरोब्बर मागे. दोन्ही कागद आले नाहीत म्हणून त्यांनी फिट्टंफाट केलं होतं. आणि रांगेत ते दोन्ही तीन आठवडे एकामागे एक उभे होते. आठ बाराला पहिला निघाला. दुसऱ्याला कागद मिळाला नाही. आठ बारापासून साडेअकरापर्यंत दिवा लुकलुकत होता. मॅनेजर दहाला त्याच्याकडे बघून गेले होते.

मुलगा बहिणीच्या दिशेने दोन पावलं आला आणि थांबला. "कितीही वेळ असो," त्याने पुन्हा वाचलं. मग तोंड झाकून तो रडायला लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही. गेली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती गेली नाही.

सिस्टरने पत्र माझ्या हातातून घेतलं. सावकाश वाचलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी ट्रे ओढून बघितला असता, तर हे पण आलं असतं?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. मॅनेजर फुटपट्टीकडे. नाही म्हणायला माझं काय जात होतं? एक शब्द. पण दिवसभर मी सगळ्यांकडून खरं काढत फिरले होते, आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आलं असतं," मी म्हटलं. "लगेच आलं असतं."

"घंटा वाजली म्हणून मी गेले," ती म्हणाली. "चष्म्यासाठी."

तिने कपाटातून कागदाचं नवं बंडल काढलं. वेष्टन फाडलं, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि ट्रे काठोकाठ भरला. तो नीट आत बसेना, तेव्हा वरचे चार कागद काढून पुन्हा बसवला. मग कुणाकडे न बघता बाहेर गेली.

डॉक्टरांनी अहवालात 'तांत्रिक बिघाड' असं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, बिघाड नव्हता, प्रिंटर सांगितलं तेच करत होता, त्याला सांगणारे आम्ही होतो, माझं नाव घाला. ते म्हणाले, कशाला वाढवता मॅडम. अहवालात तांत्रिक बिघाडच राहिला. मॅनेजर अजून तिथेच आहेत. मुदतीच्या ओळीत मी पुन्हा तीन तास घातले, आणि 'कटकट बंद' मात्र पुसलं नाही.

सिस्टर निर्दोष असल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी मीच छापलं, सही-शिक्क्यासकट. तिला तीनदा फोन केला. उचलला नाही. परवा प्रिंटरची वायर बघायला म्हणून गेले होते, तेव्हा ते पत्र अजून ऑफिसातच होतं, प्रिंटरच्या वर, उलटं पडलेलं. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी दुधाचा हिशेब केला होता.